दिव्यावर आलेला भुंगेरा

घर आणि अंगण

पावसाच्या पहिल्या सरी पडून गेल्या आणि संध्याकाळी घरात दिवा लागला, की आपल्या दाराखिडक्यांशी नाना तऱ्हेचे पाहुणे जमू लागतात. पंख गाळणारी वाळवी, हिरवे नाकतोडे, चिमुकले तुडतुडे, क्वचित एखादा जडशीळ शेणकिडा, हे सर्व आपल्या चांगल्या परिचयाचे असतात. गृहिणी दिवा मालवते, थोडा वेळ अंधारात बसते आणि मंडळी निघून जातात. परंतु एखाद्या रात्री भिंतीवर टप् असा आवाज होतो, आणि बोटाएवढा लांब, करड्या रंगाचा, डोक्यावर शरीराहूनही लांब अशा दोन मिशा मिरविणारा एक प्राणी तेथे बसलेला दिसतो. मुले किंचाळतात, कोणी केरसुणी शोधतो, कोणी चप्पल. 'विषारी असेल' असा निर्वाळा घरातील सर्वांत कमी माहिती असलेला मनुष्य सर्वांत आधी देतो!

गेल्या वर्षीच्या आषाढात हा प्रसंग मी माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी पाहिला. ताईचे बिऱ्हाड मानेसरला आहे. दिल्लीहून जयपूरकडे जाणाऱ्या महामार्गावर, गुरुग्राम मागे टाकल्यावर, अरवलीच्या झिजलेल्या टेकड्यांच्या पायथ्याशी हे गाव लागते. एके काळी बाजरी आणि मोहरी पिकविणारे हे गाव आज कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे, आणि त्या कारखान्यांच्या निमित्ताने महाराष्ट्रातील अनेक कुटुंबे तेथे येऊन राहिली आहेत. भावोजी अशाच एका कारखान्यात नोकरीस आहेत. त्यांच्या घरमालकांस सारी आळी 'ताऊजी' म्हणते. त्यांच्या अंगणात एक जुना आंबा आहे, आणि रत्नागिरीची मुलगी असलेल्या ताईने हे घर त्या आंब्याकडे पाहूनच पसंत केले होते.

त्या रात्री व्हरांड्याच्या दिव्यावर आलेल्या पाहुण्याला नऊ वर्षांच्या भाच्याने एका रिकाम्या बरणीत अलगद कोंडले आणि माझ्यापुढे आणून ठेवले. 'मामा, हा कोण?' या त्याच्या साध्या प्रश्नाचे उत्तर शोधताना दोन दिवसांत जे घडले, त्यात एका झाडाचा आणि एका तान्ह्या मुलीचा जीव गुंतलेला होता. म्हणूनच ही हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहे.

ओळख कशी पटवावी?

भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याला प्रथम शब्द आठवतो, वस्तू नंतर. बरणीतील त्या मिशाळ प्राण्याकडे पाहताच मला लहानपणी ऐकलेला एक शब्द आठवला, तो म्हणजे भिरूड. 'आंब्याला भिरूड लागले' हे वाक्य कोकणात ज्याने ऐकले नाही असा मनुष्य विरळा. खोडाच्या आत राहून लाकूड पोखरणारी जी जाड, पांढरी अळी, तिला आपण भिरूड म्हणतो. परंतु ही अळी मोठी होऊन पुढे काय होते, हे मात्र फारच थोड्यांना ठाऊक असते. दिव्यावर येणारा हा लांब मिशांचा भुंगेरा, हेच भिरुडाचे प्रौढ रूप होय.

या भुंगेऱ्यांचे कुळ मोठे आहे. शास्त्रज्ञ त्याला 'सेरॅम्बिसिडी' असे नाव देतात. जगात याच्या सुमारे ३५ हजार जाती नोंदलेल्या असून आपल्या देशात दीड हजाराच्या आसपास जाती आढळतात. इतक्या जातींमधून आपल्या भिंतीवर बसलेली जात नेमकी कोणती, हे सांगणे तज्ज्ञांचे काम आहे. पण कूळ ओळखणे मात्र कोणत्याही घरातील शाळकरी मुलालाही जमण्यासारखे आहे. त्यासाठी चार खुणा ध्यानात ठेवाव्यात.

पहिली खूण मिशांची. या कुळातील बहुतेक जातींच्या मिशा शरीराएवढ्या किंवा त्याहून लांब असतात. त्या झुरळाच्या मिशांसारख्या केसाप्रमाणे बारीक नसून बांबूच्या कांड्यांप्रमाणे पेरापेरांच्या, ताठ आणि कणखर असतात. एकाच जातीच्या नरमादीत नराच्या मिशा सहसा अधिक लांब असतात. दुसरी खूण डोळ्यांची. हे डोळे गोल नसतात, तर मूत्रपिंडाच्या आकाराप्रमाणे आत वळलेले असतात आणि मिशीच्या मुळाला जणू कवेत घेतात. घरातील भिंगातून ही गोष्ट स्पष्ट दिसते. तिसरी खूण शरीराची. ते लांबट असते, आणि पाठीवरील कठीण पंख एकमेकांशी मध्यभागी सरळ रेषेत जुळलेले असतात. झुरळाचे पंख एकमेकांवर चढलेले असतात, हा भेद येथे उपयोगी पडतो. चौथी खूण आवाजाची. त्याला हलकेच धरले असता तो मान वरखाली करतो आणि 'चिर्र चिर्र' असा कुरकुरणारा ध्वनी काढतो. हा ध्वनी तोंडातून येत नाही. छातीचे दोन भाग एकमेकांवर घासल्याने तो उत्पन्न होतो.

नारळाच्या बागेतील गेंडा भुंगाही आकाराने मोठा असतो, परंतु त्याच्या मिशा आखूड असून डोक्यावर एक शिंग असते. त्यामुळे या दोहोंत घोटाळा होण्याचे कारण नाही.

आता मुख्य प्रश्न, तो चावतो काय? या भुंगेऱ्याला नांगी नाही आणि विषही नाही. मात्र झाडाची साल कुरतडण्यासाठी त्याला बळकट जबडे दिलेले आहेत. तेव्हा मुठीत धरल्यास तो चिमटा काढील, एवढेच. त्याच्यावर एखादे भांडे पालथे घालावे, खालून जाड कागद सरकवावा आणि त्याला उचलावे, हा उत्तम मार्ग होय.

आमच्या बरणीतील पाहुण्याची लांबी मोजली ती साडेचार सेंटिमीटर भरली. अंग करडे-तपकिरी, पाठीवर पिवळसर ठिपके, पंखांच्या मुळाशी काळ्या मोहरीसारखे चकचकीत दाणे, बाजूने पांढरा पट्टा, आणि मानेवर वाटाण्याच्या डाळीएवढे दोन नारिंगी डाग. ही ओळख पुरेशी होती. आंब्याचे खोड पोखरणारा जो प्रसिद्ध भुंगेरा, 'बॅटोसेरा रुफोमॅक्युलाटा', तोच हा. हा आंब्याखेरीज अंजीर, फणस आणि सावर यांसारख्या झाडांतही वाढतो, आणि पावसाळ्याच्या सुमारास खोडातून बाहेर पडून रात्री दिव्याकडे येतो.

भाच्याला आनंद झाला. मला मात्र चैन पडेना. कारण भुंगेरा आला तो कोठल्या तरी झाडातून आला असला पाहिजे, आणि व्हरांड्यापासून दहा पावलांवर ताऊजींचा आंबा उभा होता.

अंगणातील आंबा

सकाळी उठून पाहतो तो आंब्याची पूर्वेकडील मोठी फांदी अर्धीअधिक वाळलेली. ताऊजी ओट्यावर बसले होते. ते म्हणाले की झाडाचे आयुष्य संपले आहे, मंगळवारी लाकूडतोड्या येणार आहे. हा आंबा त्यांच्या दिवंगत पत्नीने, थोरली सून घरात आली त्या वर्षी, कोय पुरून वाढविलेला होता. ते हे सांगत असताना त्यांची नजर झाडाकडे नव्हती.

मी खोडाजवळ बसलो. बुंध्याशी लाकडाचा जाडाभरडा भुसा पडलेला होता, सुताराच्या रंध्याखाली पडतो तसा, तंतुमय आणि ओलसर. जमिनीपासून हातभर उंचीवर सालीत दोन भोके होती, आणि त्यांतून तपकिरी रस ओघळून वाळला होता. आपल्या अंगणातील झाडाखाली असा भुसा दिसणे म्हणजे झाडाने मारलेली हाकच समजावी.

ही हाक ऐकू न आल्याचे फळ मी लहानपणी पाहिले आहे. रत्नागिरीला आमच्या घरामागे वडिलांनी लावलेला हापूस होता. त्याच्या बुंध्याशी पडणारा भुसा आई रोज केर काढताना झाडून टाकीत असे. त्यात काही अर्थ आहे हे आम्हा कोणालाच समजले नाही. पुढल्या ज्येष्ठात वारा सुटला तेव्हा भरल्या पानांचा तो वृक्ष मध्येच मोडून पडला. मोडलेल्या जागी मनगट जाईल एवढ्या पोकळ्या होत्या आणि त्यांत पांढऱ्या अळ्या वळवळत होत्या. वडील त्या दिवशी जेवले नाहीत.

भिरुडाचा जीवनक्रम समजून घेतला म्हणजे त्याच्यावरील उपायही आपोआप कळतो. मादी खोडाच्या सालीला जबड्याने चीर पाडते आणि तीत एकेक अंडे घालते. त्यातून निघालेली अळी प्रथम सालीखालचा जिवंत थर खाते. झाडाचा अन्नरस याच थरातून वाहत असल्याने तो तुटला की वरची फांदी उपाशी पडते आणि वाळू लागते. पुढे अळी आतल्या लाकडात शिरते, बोगदे पाडीत जाते आणि पूर्ण वाढीस हाताच्या मधल्या बोटाहूनही लांब होते. हा काळ महिनोगणती, पुष्कळदा वर्षभराचा असतो. मग ती आतच कोश करते आणि पावसाच्या सुमारास भुंगेरा होऊन, गोल भोक पाडून बाहेर येते. म्हणजेच दिव्यावर दिसणारा भुंगेरा हा जुन्या दुखण्याचा शेवट आणि नव्या दुखण्याचा आरंभ असतो.

ताऊजींना मी मंगळवारचा बेत आठ दिवस पुढे ढकलण्याची विनंती केली. मानेसरजवळच शिकोहपूर येथे भारतीय कृषी संशोधन संस्थेचे कृषी विज्ञान केंद्र आहे. तेथे विचारल्यावाचून कुऱ्हाड चालवू नये, असे सुचविले. तोवर जे हाताने करता येण्यासारखे होते ते आम्ही केले. भोकांच्या तोंडाचा भुसा खरवडून काढला. सायकलच्या ब्रेकची जुनी तार घेऊन तिच्या टोकाला बारीक आकडा केला, आणि ती बोगद्यात फिरवीत फिरवीत आत घातली. पहिल्या भोकातून काही हाती लागले नाही. दुसऱ्यातून मात्र आकड्याला अडकून एक जाडजूड अळी बाहेर आली. ताऊजी बराच वेळ तिच्याकडे पाहत राहिले. मग त्यांनी भाच्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि लाकूडतोड्याला नको म्हणून निरोप धाडला.

अळी काढल्यावर भोकात रॉकेलमध्ये भिजविलेला कापसाचा बोळा घालून ते ओल्या मातीने लिंपून टाकावे. हे काम करताना विस्तव जवळ नसावा, हे सांगणे न लगे. वाळलेली फांदी जिवंत लाकडापर्यंत छाटून तिचा ओंडका अंगणात न ठेवता जाळून टाकावा, कारण तिच्यातही अळ्या असू शकतात. औषध वापरणे आवश्यक वाटल्यास ते कृषी अधिकाऱ्यांच्या सल्ल्यानेच वापरावे. जुन्या पुस्तिकांतून या कामी 'डायक्लोरव्हॉस' या औषधाची शिफारस आढळते, परंतु ३१ डिसेंबर २०२० पासून आपल्या देशात त्याच्या वापरावर बंदी आहे. घरात जुनी बाटली पडलेली असेल तर ती वापरण्याचा मोह धरू नये.

आणखी एक गोष्ट येथे नमूद केली पाहिजे. हे भुंगेरे बहुधा दुबळे झालेले झाड निवडतात. ताऊजींनी अंगण स्वच्छ राहावे म्हणून बुंध्यापर्यंत सिमेंट घातले होते. मुळांना पाणी आणि हवा मिळेनाशी झाली होती. शहरांतून आज असंख्य झाडांच्या गळ्याशी असेच सिमेंटचे फास बसलेले आहेत. आम्ही बुंध्याभोवती दोन हातांचे सिमेंट फोडून आळे केले. आजारी माणसाच्या औषधाइतकेच त्याच्या अन्नाकडेही लक्ष द्यावे लागते, हाच न्याय वृक्षांनाही लागू आहे.

पाळण्यातील पीठ

आंब्याचे काम उरकून आम्ही घरात आलो, तोच ताईच्या सासूबाईंनी एक नवीच गोष्ट काढली. त्या म्हणाल्या, 'झाडाचे जाऊ द्या, पण घरात रात्री करकर आवाज होतो तो कशाचा? लक्षण बरे दिसत नाही.' आवाज येत होता तो धाकट्या भाचीच्या लाकडी पाळण्यातून. भाची तेव्हा अवघी सात महिन्यांची होती. भावोजींनी भंगारबाजारातून खोक्यांच्या फळ्या आणून हा पाळणा मोठ्या हौसेने घरी तयार केला होता. पाळण्याखाली रोज सकाळी गव्हाच्या पिठासारखी बारीक भुकटी पडत असे.

भावोजी म्हणाले, 'त्याची व्यवस्था केली आहे. एका शेजाऱ्याने धान्यात ठेवण्याच्या गोळ्या दिल्या आहेत. आज रात्री पाळण्याखाली ठेवतो, किडे मरतील.'

वाचकहो, हे ऐकून माझ्या अंगावर काटा आला. धान्याच्या साठ्यात वापरल्या जाणाऱ्या या गोळ्यांत ॲल्युमिनियम फॉस्फाइड असते. हवेतील ओलाव्याशी संबंध येताच त्यांतून फॉस्फिन नावाचा अत्यंत विषारी वायू सुटू लागतो, आणि आषाढातल्या हवेत ओलाव्याला काय तोटा! या वायूवर उतारा नाही. त्याने बंद खोल्यांत झोपलेली माणसे दगावल्याच्या घटना आपल्या देशात वारंवार घडल्या आहेत. या गोळ्यांसंबंधीचे इशारे मी स्वतः भाषांतरित केलेले आहेत, पण ते माझ्याच बहिणीच्या घरी पोहोचले नव्हते. मी भावोजींना म्हटले, 'किडा पाळणा खाईल, पण ही गोळी पाळण्यातल्या मुलीला खाईल.' त्यांचा चेहरा पांढरा पडला. गोळ्यांची न उघडलेली नळी त्यांनी त्याच क्षणी घराबाहेर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी नेऊन ठेवली आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत केली.

मग आम्ही पाळणा अंगणात नेऊन उकलला. एका फळीच्या कडेला अजून झाडाची साल चिकटलेली होती. ती फळी चिरली तेव्हा आतले लाकूड जवळजवळ पीठ झालेले होते, आणि त्या पिठात करंगळीच्या पेराएवढी एक पांढरी अळी होती. रात्रीचा 'करकर' आवाज तिच्या जबड्यांचा. सासूबाईंनी ती अळी पाहिली आणि मनातली भीती एकदाची बाहेर पडल्यासारखा निःश्वास टाकला.

येथे एक भेद समजून घेणे अगत्याचे आहे. ओल्या, जिवंत झाडात वाढणारा आंब्याचा भुंगेरा कोरड्या फर्निचरात वाढत नाही. त्या कामासाठी याच कुळातील निराळ्या जाती आहेत. 'स्ट्रोमेशियम बार्बेटम' ही त्यांतील आपल्याकडे सर्वत्र आढळणारी जात होय. हिचा तांबूस-तपकिरी भुंगेरा आंब्याच्या भुंगेऱ्याहून बराच लहान असतो. मादी कोरड्या लाकडाच्या फटींत अंडी घालते. वाळलेल्या लाकडात पोषण थोडे, म्हणून अळीची वाढ मंद गतीने होते आणि तिला भुंगेरा होऊन बाहेर यावयास काही वर्षेही लागतात. लग्नात घेतलेल्या पलंगातून मूल शाळेत जाऊ लागल्यावर भुंगेरा बाहेर पडला, असे म्हटले तर त्यात अतिशयोक्ती नाही.

लाकडाला काय लागले आहे, हे भुकटीवरून ओळखता येते. मातीचे बोगदे दिसत असतील आणि भुकटी नसेल, तर ती वाळवी. टाल्कम पावडरीसारखी मऊ भुकटी आणि टाचणीच्या डोक्याएवढी बारीक गोल भोके असतील, तर ते लाकडातील लहान घुणकिडे. पिठासारखी भुकटी, रात्री करकर आवाज, आणि हरभऱ्याचा दाणा जाईल अशी लांबट भोके असतील, तर लांब मिशांच्या भुंगेऱ्याचा संशय घ्यावा. नव्या भोकाची कड ताजी आणि फिकी दिसते, जुन्या भोकाची काळसर. जुनी भोके मेणाने बुजवून त्यांवर तारीख लिहून ठेवावी. वर्षभरात नवे भोक पडले नाही व भुकटी आली नाही, तर किडा निघून गेला असे समजण्यास हरकत नाही.

खोक्यांचे लाकूड आणि दूरदेशीचा धडा

कारखान्यांच्या गावी खोक्यांचे लाकूड स्वस्तात मिळते, म्हणून त्याविषयी दोन शब्द अधिक लिहितो. यंत्रांच्या खोक्यांतून भुंगेऱ्यांनी केलेला प्रवास हा आधुनिक व्यापाराच्या इतिहासातील एक मोठा धडा आहे. १९९६ साली अमेरिकेतील न्यूयॉर्क शहराच्या ब्रुकलिन भागात रस्त्याकडेच्या मेपल वृक्षांना मोठाली गोल भोके पडलेली आढळली. पाहतात तो पूर्व आशियातील लांब मिशांचा एक काळा-पांढरा भुंगेरा तेथे ठाण मांडून बसला होता. मालाच्या लाकडी खोक्यांतून तो समुद्र ओलांडून आलेला होता. १९९८ मध्ये तो शिकागोत सापडला. तेथे नेटाने प्रयत्न करून दहा वर्षांनी त्याचा नायनाट करण्यात आला. २००८ मध्ये मॅसॅच्युसेट्स राज्यातील वुस्टर येथे तो आढळला, तेव्हा त्याची वर्दी एका सामान्य रहिवासी स्त्रीने दिली होती. तथापि तोवर तो फार पसरलेला असल्याने तेथे ३० हजारांहून अधिक झाडे तोडावी लागली.

या अनुभवातून २००२ साली आंतरराष्ट्रीय नियम ठरला. त्यानुसार परदेशी जाणाऱ्या मालाच्या खोक्यांचे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला सलग ३० मिनिटे तापवावे लागते, अथवा त्यावर ठरावीक वायूची प्रक्रिया करावी लागते. अशा लाकडावर गव्हाच्या लोंबीचे चिन्ह डागलेले असते. त्याशेजारी 'एचटी' ही अक्षरे असतील तर लाकूड उष्णतेने शुद्ध केलेले आहे, आणि 'एमबी' असतील तर त्यावर मिथाइल ब्रोमाइड वायूची प्रक्रिया झालेली आहे असे समजावे. मात्र हे चिन्ह प्रक्रियेच्या दिवसाची ग्वाही देते, पुढील सर्व काळाची नव्हे. भावोजींच्या फळ्यांवर तर कोणतेच चिन्ह नव्हते. मुलांच्या पाळण्यासाठी वायूची प्रक्रिया झालेले किंवा माहीत नसलेले लाकूड न वापरणे हेच शहाणपणाचे. वापरावयाचेच झाले तर साल नसलेले, पूर्ण वाळलेले लाकूड घ्यावे आणि सर्व बाजूंनी रंग वा रोगण द्यावे, म्हणजे फटी बुजतात व मादीला अंडी घालण्यास जागा उरत नाही.

आपल्या देशातही या कुळाने मोठे उत्पात केलेले आहेत. १९९०-९९ या दशकाच्या उत्तरार्धात मध्य प्रदेशातील मंडला परिसरात साल वृक्षांवर अशाच एका भुंगेऱ्याची धाड पडली आणि लक्षावधी वृक्ष बाधित झाले. त्याला आवरण्याची युक्ती मोठी मौजेची आहे. काही साल वृक्ष मुद्दाम पाडून ओंडक्यांची साल ठेचून ठेवतात. रसाच्या वासाने भुंगेरे दुरून धावत येतात, रस पिऊन सुस्त होतात आणि गावकरी ते हाताने वेचून घेतात. महाराष्ट्रात कोकणच्या काजूला लागणारा 'रोठा' आणि द्राक्षवेलींना लागणारा खोडकिडा हेही याच कुळातील आहेत. काजूच्या बुंध्याशी डिंक व भुसा दिसताच पटाशीने साल सोलून अळी काढणे हा उपाय कोकणातील बागायतदार जाणतात. डेहराडूनची वन संशोधन संस्था १९०६ पासून अशा किड्यांचा अभ्यास करीत आलेली आहे.

शत्रू की शेजारी?

इतके वाचून वाचकांनी दिसेल त्या मिशाळ भुंगेऱ्यावर चप्पल उगारावी, असा मात्र या लेखाचा हेतू नाही. या कुळातील फार मोठा भाग मेलेल्या आणि कुजत्या लाकडावर जगतो. जंगलात पडलेला वृक्ष मातीस मिळतो तो ज्यांच्या कष्टाने, त्यांत यांचाही वाटा असतो. अरवलीच्या टेकड्यांवर धावडा आणि कीकर यांच्या वाळक्या फांद्यांतून राहणारे भुंगेरे कोणाचेही नुकसान करीत नाहीत. तेव्हा प्रथम ओळख पटवावी आणि मगच निर्णय करावा. मानेवर दोन नारिंगी डाग असलेला भुंगेरा आंब्याच्या अंगणात सापडला, तर त्याला मारणे योग्य होय. अन्य एखादा वाट चुकून आला असेल, तर दिवा मालवून खिडकी उघडी ठेवावी.

घरातील मुलांना या कामी पुढे करावे, असे मी आग्रहाने सुचवीन. आमच्या भाच्याने त्या दिवसापासून एक वही घातली आहे. दिव्यावर काय आले, किती लांबीचे, मिशा केवढ्या, कोणत्या तारखेस, हे तो नेमाने लिहितो. दर रविवारी ताऊजींच्या आंब्याभोवती फेरी मारून भुसा पडला आहे काय हे पाहण्याचे कामही त्याच्याचकडे आहे. ताऊजी त्याला 'डॉक्टर साहेब' म्हणतात.

आंब्याची पूर्वेकडील फांदी वाचली नाही. ती कापावी लागली. परंतु कृषी विज्ञान केंद्राच्या सल्ल्याप्रमाणे उरलेल्या झाडाची निगा राखली गेली, आणि यंदाच्या माघात त्याला तुरळक का होईना, मोहोर आला. गेल्या आठवड्यात ताईने त्याच्या कैऱ्यांचे पन्हे केले होते. ताऊजींनी पेला हातात घेतला आणि पुष्कळ वेळ काही न बोलता झाडाकडे पाहिले. यावेळी त्यांची नजर दुसरीकडे नव्हती. धाकटी भाची आता चालू लागली आहे आणि बुंध्याभोवतीच्या आळ्यातील माती तोंडात घालण्याचा उद्योग करीत असते.

पावसाळा पुन्हा तोंडावर आला आहे. आपल्या व्हरांड्यातील दिव्यावर एखाद्या रात्री तो लांब मिशांचा पाहुणा येईल, तेव्हा केरसुणी उचलण्याआधी त्याच्याकडे क्षणभर नीट पाहावे. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणातील झाडाच्या बुंध्याशीही एकवार बसावे, आणि केरात जाणारा भुसा टाकण्यापूर्वी हातात घेऊन बघावा.